चॅप्टर हाऊस उभं करायचंय? आधी माणसं शोधा, पैशाचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत शिकलात, तिथे फ्रॅटर्निटीत होतात, मधे काही वर्षं चॅप्टर बंद पडला, जुनं घर विकलं गेलं, आता हेडक्वार्टरने चॅप्टर परत सुरू केलाय, नवीन मुलं चांगली आहेत, कॅम्पसजवळ एक जागाही बघून ठेवलीय, पण जुने मेंबर सगळीकडे पांगलेत, काही तर भारतात परत गेलेत, मग त्यांना परत जोडायचं कसं आणि घरासाठी पैसे उभे करायचे कसे. मी अशाच एका चॅप्टरच्या हाऊस कॉर्पोरेशनचा (घर सांभाळणाऱ्या जुन्या मेंबरांच्या संस्थेचा) बरीच वर्षं ट्रेझरर आहे, त्यामुळे जे सांगतोय ते प्रत्यक्ष हिशोबाच्या वह्या सांभाळताना आणि फोन फिरवताना शिकलेलं आहे.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फ्रॅटर्निटी म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या विद्यार्थ्यांच्या संघटना, मुलींच्या असतात त्यांना सोरोरिटी म्हणतात. एका कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर, सगळ्या शाखांचं मुख्य कार्यालय म्हणजे हेडक्वार्टर, शाखेचे मेंबर एकत्र राहतात ते चॅप्टर हाऊस, आणि शिकून बाहेर पडलेले जुने मेंबर म्हणजे अ‍ॅल्युमनाय. फाय बीटा कॅपा १७७६ साली व्हर्जिनियात विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली, ती पुढे हुशार विद्यार्थ्यांचा मान झाली, पण आज आपण ज्याला फ्रॅटर्निटी म्हणतो त्या प्रकारची सुरुवात १८२५ ला न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कॅपा अल्फा सोसायटीने केली असं मानतात. घर ही नंतरची गोष्ट. १८४०च्या दशकात मिशिगन युनिव्हर्सिटीजवळच्या जंगलात काय साय फ्रॅटर्निटीच्या मुलांनी ओंडक्यांची एक झोपडी बांधली, तीच पहिलं फ्रॅटर्निटी हाऊस म्हणून सांगितली जाते. हे मुद्दाम सांगतोय कारण संघटना आधी आली आणि घर नंतर आलं, आणि आजही जे लोक हा क्रम उलटा करतात ते अडकतात. आर्किटेक्टचं सुंदर चित्र आधी छापून आणतात, ते सगळ्यांना ईमेल करतात, खाली "डोनेट" बटण, आणि मग सहा महिने वाट बघत बसतात की पैसे का येत नाहीत.

येत नाहीत कारण ज्या माणसाशी तुम्ही पंधरा वर्षं बोलला नाहीत त्याला पहिलाच निरोप पैशाचा गेलाय. एवढं साधं आहे ते.

म्हणून माझं पहिलं सांगणं, जागेचा विषय थोडा बाजूला ठेवा आणि यादी करा. खरी यादी, म्हणजे एक एक्सेल शीट, ज्यात प्रत्येक मेंबरचा रोल नंबर, नाव, प्लेज क्लास (म्हणजे कुठल्या सेमिस्टरला आत आला), त्याचा बिग ब्रदर (नव्या मुलाला सांभाळून घेणारा जुना मेंबर) कोण होता, आताचं शहर, फोन, ईमेल, आणि शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा, "शेवटचं कोण बोललं आणि कधी". रोल नंबर आणि नावं हेडक्वार्टरकडे असतात, चॅप्टर कितीही जुना असो, दीक्षा झालेल्या प्रत्येकाची नोंद तिथे असते, आणि अधिकृत अ‍ॅल्युमनाय व्हॉलंटियरने मागितली तर साधारणपणे देतात. युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅल्युमनाय ऑफिसकडून थेट फोन नंबर मिळतील अशी आशा धरू नका, प्रायव्हसीच्या नियमांमुळे ते सहसा देत नाहीत, पण तुमचं पत्र त्यांच्या यादीवर पाठवून देतील का हे विचारा, काही ठिकाणी करतात. जुने पोस्टाचे पत्ते असतील तर मेलिंग करणाऱ्या कंपनीकडून ते पोस्ट खात्याच्या पत्ताबदलाच्या यादीशी ताडून घ्या, खर्च फार नसतो आणि बरेच पत्ते ताजे होतात, फक्त अलीकडच्या काही वर्षांत हललेल्यांचेच होतात हे लक्षात ठेवा, वीस वर्षांपूर्वी हललेला माणूस त्यात सापडत नाही.

तो सापडतो कंपोझिटवर. कंपोझिट म्हणजे दरवर्षी काढलेली ती मोठी फ्रेम, प्रत्येकाचा टाय घातलेला छोटा गोल फोटो आणि खाली नाव. घर विकलं गेलं तेव्हा या फ्रेम कुठे गेल्या ते आधी शोधा, बहुतेक वेळा कुणाच्या तरी गॅरेजमध्ये नाहीतर बेसमेंटमध्ये, ओल आलेल्या खोक्यांमागे भिंतीला टेकवलेल्या असतात. आमच्या सापडल्या तेव्हा काचेवर इतकी धूळ होती की पुसल्याशिवाय चेहरा ओळखू येत नव्हता, मागच्या पुठ्ठ्याला बुरशी, पण आत फोटो शाबूत. आम्ही काच काढून एकेक फ्रेम नीट उजेडात ठेवून मोबाईलनेच फोटो काढले, वर्षाप्रमाणे फोल्डर केले आणि एकाही पैशाची गोष्ट न काढता त्या त्या वर्षाच्या दोन-तीन माणसांना फक्त त्यांच्या वर्षाचा फोटो पाठवला, खाली एक ओळ, "यातल्या कुणाकुणाशी अजून बोलणं होतं?" जी माणसं कधी ईमेलला उत्तर देत नव्हती त्यांनी त्याच दिवशी नंबर पाठवले. एकाने तर आख्ख्या रांगेची माहिती दिली, हा डेन्व्हरला, हा सैन्यातून रिटायर, हा गेला दोन वर्षांपूर्वी. गेलेल्यांचीही नोंद करा, मनापासून सांगतो, कारण गेलेल्या माणसाच्या नावाने घरी पत्रक गेलं की त्याच्या बायकोला किती लागतं ते मी फोनवर ऐकलंय.

यादी एकट्याने करायची नाही. प्रत्येक तीन-चार वर्षांच्या गटामागे एक माणूस नेमा, क्लास कॅप्टन म्हणा काहीही म्हणा, ज्याला त्याच्या काळातली पंधरा-वीस माणसं खरंच ओळखतात. पदाधिकारी नेमू नका हं, म्हणजे जो तेव्हा प्रेसिडेंट होता तोच हवा असं नाही, ज्याच्या खोलीत रात्री दोन वाजता सगळे जमायचे तो माणूस हवा. माणूस आपल्या चॅप्टरशी बांधलेला असतो असं आपण म्हणतो पण खरं म्हणजे तो त्या काळातल्या दहा-बारा जणांशी बांधलेला असतो, आणि त्या दहांपैकी एकाने फोन केला तर तो उचलतो, बोर्डाच्या अध्यक्षाचा उचलत नाही. माझ्या अनुभवात नव्या घराला सगळ्यात जास्त पैसे देणारे वर्ग हे श्रीमंत वर्ग नव्हते, चांगला कॅप्टन असलेले वर्ग होते.

फोनवर काय बोलायचं? पहिल्या फोनला पैसे काढायचेच नाहीत. आमच्या एका कॅप्टनने सत्तरच्या दशकातल्या एका सभासदाला फोन केला, वय झालेलं, स्वभाव तुसडा, आधीच बोलला की मला देणगी वगैरे काही सांगू नका. कॅप्टन म्हणाला, "नाही हो, मी एवढंच विचारतोय की तुमची खोली कोणती होती?" मग पाऊण तास. तिसऱ्या मजल्यावरची, जिन्यावरून डावीकडे, हीटर फक्त एकाच बाजूचा चालायचा म्हणून हिवाळ्यात दोघांनी पलंग एका भिंतीला लावले होते, आणि खिडकीतून फुटबॉल स्टेडियमचे दिवे दिसायचे. पुढच्या वसंतात तो स्वतःहून कार्यक्रमाला आला आणि नव्या घराच्या स्टडी रूमसाठी मोठी रक्कम त्याने दिली, आम्ही मागायच्या आधी. असं दरवेळी होत नाही, पण पहिला फोन कसा असावा ते यातून कळेल.

मग संपर्क टिकवायचा कसा. वर्षातून तीन-चार वेळा छोटं पत्रक, दोन पानांचं, त्यात अर्धी जागा जुन्यांच्या बातम्यांना (लग्न, मुलं, नोकरी, निधन) आणि अर्धी आताच्या मुलांना. आताच्या मुलांबद्दल लिहिताना गोड गोड लिहू नका, जीपीए किती, मेंबर किती, कुठल्या समाजकार्यात किती तास दिले, काय चुकलं, सगळं लिहा, कारण चॅप्टर एकदा बंद पडलेला आहे हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्यांना खरं ऐकायचंय. ईमेल ठीक आहे पण साठीच्या पुढच्यांना कागदावरचं पत्रक पाठवाच, ते फ्रिजवर लावून ठेवतात. तरुणांसाठी व्हॉट्सअ‍ॅप किंवा ग्रुपमी, पण ग्रुप वर्षांप्रमाणे वेगळे, सगळ्यांचा एकच ग्रुप काढला की राजकारण सुरू होतं आणि आठवड्यात निम्मे निघून जातात. होमकमिंगच्या (माजी विद्यार्थी कॅम्पसवर परत येतात त्या) शनिवारी फुटबॉल मॅचआधी टेलगेट, म्हणजे स्टेडियमबाहेर गाड्यांपाशी खाणंपिणं, आणि फाउंडर्स डेचं जेवण, एवढे दोन कार्यक्रम दरवर्षी त्याच जागी त्याच वेळी करा. आणि शिकागो, डॅलस, सिॲटल असं जिथे पंधरावीस माणसं आहेत तिथे संध्याकाळी नुसतं भेटायचं, आयोजन एका स्थानिक माणसाकडे, बोर्डाने फक्त यादी द्यायची.

या बाबतीत कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटी-सोरोरिटींकडून शिकण्यासारखं खूप आहे, आणि आपल्याकडचे लोक ते बघतच नाहीत याचं मला वाईट वाटतं. अल्फा फाय अल्फा १९०६ साली कॉर्नेलमध्ये सुरू झाली, डेल्टा सिग्मा थीटा १९१३ ला हॉवर्डमध्ये, अशा नऊ संघटना आहेत. त्यांच्यात बहुतेक ठिकाणी चॅप्टर हाऊस नसतंच, कॅम्पसवर एखादं झाड, बाक, एक छोटा प्लॉट एवढंच, पण पदवी झाली की माणूस आपल्या शहरातल्या ग्रॅज्युएट चॅप्टरमध्ये जातो, तिथे वर्गणी भरतो, मतदान करतो, स्कॉलरशिप देतो, आणि चाळीस वर्षांनीही तो "होतो" म्हणत नाही, "आहे" म्हणतो. कित्येक जण तर कॉलेज संपल्यावर, नोकरीत असताना मेंबर होतात. म्हणजे घर नसतानाही माणसं आयुष्यभर जोडलेली राहू शकतात, कारण पदवीनंतर त्यांना करायला काहीतरी काम दिलेलं असतं. आपण आपल्या अ‍ॅल्युमनायना फक्त पैसे द्यायचं काम देतो. त्याऐवजी मुलांचे रेझ्युमे तपासणं, मॉक इंटरव्ह्यू घेणं, इंटर्नशिपसाठी ओळख करून देणं, नवीन घराच्या प्लंबिंगचं कोटेशन वाचून बघणं अशी कामं द्या. सिव्हिल इंजिनिअर, वकील, सीपीए, इन्शुरन्सवाले, सगळे तुमच्याच यादीत असतात. ज्याने तुमचं लीज फुकट वाचून दिलं तो माणूस पुढे देणगी देतोच देतो.

दुखावलेल्यांबद्दल वेगळं बोलायला हवं. चॅप्टर बंद झालेला असला की दोन प्रकारची माणसं असतात, एक ज्यांना वाटतं हेडक्वार्टरने अन्याय केला, आणि दुसरे ज्यांना वाटतं की शेवटच्या वर्षांतल्या पोरांनी आमचं नाव घालवलं. दोघांनाही आधी ऐकून घ्या. वाद घालू नका, समजावू नका, आणि शेवटच्या वर्षांतल्या त्या पोरांनाही (आता तेही पस्तिशीत असतील) बोलवा, नाहीतर एक आख्खी पिढी कायमची तुटते. जुनं घर विकून आलेले पैसे कुठे आहेत याचा लेखी हिशोब पहिल्याच पत्रकात छापा. लोक हा प्रश्न तोंडावर विचारत नाहीत, पण मनात पहिला हाच असतो.

आता पैसे आणि कागदपत्रं. इथे बहुतेक उत्साही मंडळी घसरतात.

साधारणपणे रचना अशी असते की घर चॅप्टरच्या मुलांच्या नावावर नसतं, अ‍ॅल्युमनायनी चालवलेल्या हाऊस कॉर्पोरेशनच्या नावावर असतं, ती राज्याच्या कायद्याखाली नोंदवलेली ना-नफा संस्था असते आणि फेडरल टॅक्सच्या दृष्टीने बहुधा ५०१(सी)(७), म्हणजे सोशल क्लब. त्यामुळे तिला दिलेल्या देणगीवर करात सूट मिळत नाही, हे लोकांना आधीच स्पष्ट सांगा. सूट हवी असेल तर ५०१(सी)(३) एज्युकेशनल फाउंडेशन लागतं, बऱ्याच राष्ट्रीय फ्रॅटर्निटींचं स्वतःचं असतं आणि त्यात चॅप्टरच्या नावाने वेगळा फंड उघडता येतो, पण तो पैसा घरात वाटेल तिथे वापरता येत नाही. स्टडी रूम, लायब्ररी, इंटरनेट वायरिंग अशा शैक्षणिक भागासाठी, इमारतीत त्या भागाचा जेवढा वाटा तेवढ्याच प्रमाणात तो मिळतो, पूल टेबलच्या खोलीसाठी मिळत नाही. म्हणून आर्किटेक्टला पहिल्या दिवसापासून सांगा की प्रत्येक मजल्यावर शैक्षणिक जागा किती चौरस फूट आहे ते नकाशावर वेगळं दाखव. नंतर हे मोजत बसणं फार त्रासाचं होतं. अजून एक, कंपनीचं मॅचिंग (कर्मचाऱ्याच्या देणगीत कंपनी घालते ती भर) आणि डोनर-अ‍ॅडव्हाइज्ड फंडातले (देणग्यांसाठी आधीच बाजूला काढलेले) पैसे साधारणपणे सी-थ्री ला जातात, सी-सेव्हन ला जात नाहीत, आणि भाव वाढलेले शेअर्स सी-थ्री ला थेट दिले तर देणाऱ्याला त्यावरचा कॅपिटल गेन टॅक्स भरावा लागत नाही, टेक कंपन्यांत असलेल्या तुमच्या मेंबरांना ही गोष्ट सांगितली की आकडे बदलतात. दोन्ही खात्यांचे पैसे मात्र कधीही एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत.

आणि कृपा करून आधी बघा की तुमची जुनी हाऊस कॉर्पोरेशन अजून जिवंत आहे का. चॅप्टर बंद असताना कुणी लक्ष दिलेलं नसतं. आयआरएसला (अमेरिकेच्या आयकर खात्याला) दरवर्षी फॉर्म ९९० च्या कुटुंबातला एक फॉर्म जायलाच हवा, उत्पन्न साधारण ५०,००० डॉलरच्या आत असेल तर ९९०-एन नावाचं छोटं ऑनलाइन पोस्टकार्ड, पाच मिनिटांचं काम, पण सलग तीन वर्षं नाही भरलं तर करसवलत आपोआप रद्द होते, कुणी विचारायलाही येत नाही. राज्याकडेही वार्षिक रिपोर्ट असतो, तो चुकला तर संस्थाच विसर्जित दाखवतात. हे दोन्ही ऑनलाइन शोधून बघता येतं, आजच बघा, कारण हे नीट करायला कित्येक महिने जातात आणि तोपर्यंत बँक कर्जाचं बोलत नाही.

मोहिमेचा क्रम असा ठेवा. आधी गाजावाजा न करता वीस-पंचवीस लोकांना प्रत्यक्ष भेटा, घरी जाऊन किंवा कॉफीवर, आणि देणगी मागण्याऐवजी मत मागा: घर व्हावं का, किती मोठं, तुम्ही असतात तर काय केलं असतं. याला फीजिबिलिटी स्टडी म्हणतात, त्यासाठी कन्सल्टंट फी घेतात, लहान चॅप्टर स्वतः करू शकतो. यातून दोन गोष्टी कळतात, एक म्हणजे आकडा खरा आहे का, आणि दुसरी म्हणजे मोठे देणारे कोण. अशा मोहिमांत रकमेचा फार मोठा भाग मूठभर लोकांकडून येतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त रक्कम लेखी कबूल होईपर्यंत सगळ्यांना ईमेल पाठवायचा नाही. मग जाहीर करायचं, आणि तेव्हा सगळ्यांना तीन ते पाच वर्षांत हप्त्याने भरायची सोय द्यायची. नुकत्याच पास झालेल्या मुलाने महिना दहा डॉलर दिले तरी त्याचं नाव भिंतीवर मोठ्यांच्या बरोबरीने, रक्कम न लिहिता लावा, वीस वर्षांनी तोच तुमचा मोठा देणगीदार असणार आहे. पैसे मागायला आताच्या अंडरग्रॅड मुलांना फोनवर बसवू नका, त्यांना आभाराचे फोन करायला बसवा, देणगी आल्यावर आठवड्याभरात एका मुलाने स्वतः फोन करून स्वतःबद्दल दोन मिनिटं सांगितलं की ती देणगी पुढच्या वर्षीही येते.

आता घराचा खरा हिशोब, हा नीट वाचा. समजा घर ३६ खाटांचं आहे, एका खाटेचं भाडं महिना ९०० डॉलर, करार १० महिन्यांचा, म्हणजे पूर्ण भरलं तर वर्षाला ३,२४,००० डॉलर. समजा १५ लाख डॉलर कर्ज घेतलं, ७ टक्क्यांनी २५ वर्षांसाठी, हप्ता महिन्याला साधारण १०,६००, वर्षाला १,२७,००० च्या पुढे. इन्शुरन्स, प्रॉपर्टी टॅक्स, वीज-पाणी, दुरुस्ती आणि राखीव निधी मिळून १,२०,००० धरा. एकूण खर्च २,४७,००० च्या आसपास. आता ३६ पैकी २७ खाटा भरल्या, म्हणजे तीन चतुर्थांश, तर उत्पन्न २,४३,०००. तोटा. म्हणजे २८ भरल्याच पाहिजेत. पण तेच जर आधीच ५ लाख जास्त देणगी गोळा झाली आणि कर्ज १० लाखांवर आलं, तर हप्ता वर्षाला साधारण ८५,००० होतो आणि २३ खाटांवर घर स्वतःचा खर्च काढतं. त्या पाच खाटांचं अंतर म्हणजे एक वाईट रश (नवीन मेंबर घेण्याचा हंगाम) वर्ष. मी बघितलेली जी घरं बुडाली ती याच पाच खाटांत बुडाली, एका वर्षी नवीन मुलं कमी आली, भाडं कमी पडलं, बोर्डाने छताच्या पैशातून हप्ता भरला, पुढच्या वर्षी छत गळलं. बाकी सगळे आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला, पण हे गणित देणगी मागताना तोंडपाठ असू द्या, समोरचा माणूस व्यवसायात असेल तर त्याला भावनेपेक्षा हे लवकर पटतं.

राखीव निधी म्हणजे आपल्याकडच्या हाऊसिंग सोसायटीतला सिंकिंग फंडच, आणि तिथल्यासारखंच इथेही सगळ्यांना तो वापरून टाकायचा मोह होतो. छत, बॉयलर, कार्पेट, गाद्या, किचन, सगळ्याचं आयुष्य लिहून ठेवा आणि दरवर्षी तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. भाड्याचा करार चॅप्टरशी एक आणि प्रत्येक मुलाशी वेगळा, त्यावर पालकांची हमी, आणि डिपॉझिट आधी.

सुरक्षेत काटकसर नको. १२ मे १९९६ ला नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलमध्ये फाय गॅमा डेल्टाच्या घराला पहाटे आग लागली, त्या दिवशी पदवीदान होतं, पाच विद्यार्थी गेले. घरात स्प्रिंकलर नव्हते. त्यानंतर त्या गावाने सगळ्या फ्रॅटर्निटी-सोरोरिटी घरांना स्प्रिंकलर सक्तीचे केले. तुमच्या शहराचा नियम काहीही असो, नवीन घरात पूर्ण स्प्रिंकलर आणि एकमेकांना जोडलेले अलार्म घालाच, इन्शुरन्सवालाही ते बघतो, आणि जुने मेंबर ज्यांना स्वतःच्या खोलीतली जळकी वायर आठवते ते खास स्प्रिंकलरसाठी म्हणून पैसे देतात.

दारू आणि हेझिंग (नव्या मुलांचं रॅगिंग). नवीन घर बांधताना पाहुण्यांसाठी छान बार बनवूया असं कुणीतरी जुना मेंबर म्हणणारच, प्रेमाने म्हणेल, पण ठाम नाही म्हणा. फाय डेल्टा थीटाने २००० सालापासून घरं दारूमुक्त ठेवलीत. बहुतेक पुरुष फ्रॅटर्निटी ज्या संघात आहेत त्या नॉर्थ-अमेरिकन इंटरफ्रॅटर्निटी कॉन्फरन्सने २०१८ मध्ये ठरवलं की १ सप्टेंबर २०१९ पासून चॅप्टरच्या घरात १५ टक्क्यांहून जास्त अल्कोहोलची पेयं नकोत, फक्त परवानाधारक बाहेरच्या विक्रेत्याने दिली तर अपवाद. डिसेंबर २०२४ मध्ये फेडरल स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट आला, आता युनिव्हर्सिटीला हेझिंगच्या घटना मोजून जाहीर कराव्या लागतात, म्हणजे तुमच्या चॅप्टरचं वागणं कुणाही पालकाला वाचता येणार आहे. घराचे मालक म्हणून कोर्टात तुमचं बोर्डही उभं राहू शकतं. पण मी हे भीतीपोटी सांगत नाहीये. एखादा अठरा वर्षांचा मुलगा आपल्या घरात जिवाला मुकला तर त्या घराचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून मी प्रत्येक मीटिंगमध्ये हा विषय पहिला घेतो. घरात राहणारा एक मोठा माणूस, पगारी हाऊस डायरेक्टर, ठेवा, बजेटमध्ये पहिल्यापासून धरा.

तुमच्यातले जे भारतात परत गेलेत त्यांच्याबद्दल. त्यांना अमेरिकेतल्या करसवलतीचा बहुधा उपयोग नाही, आणि अमेरिकेतल्या फाउंडेशनला दिल्यावर भारतात ८०जी ची सूट मिळत नाही. पाठवता मात्र येतात, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशी पैसे पाठवायची योजना) खाली एका आर्थिक वर्षात माणशी २,५०,००० डॉलरपर्यंत, देणगीही त्यातच बसते, बँकेत ए-टू फॉर्म भरायचा, टीसीएस कधी लागतो ते आपल्या सीएला विचारायचं. पण त्यांच्याकडून मुख्यतः पैशाची अपेक्षा ठेवू नका. पुण्यात-मुंबईत बसलेला माणूस रात्री साडेनऊला झूमवर येऊन मिडवेस्टमधल्या सकाळी एखाद्या ज्युनिअरचा मॉक इंटरव्ह्यू घेऊ शकतो, आणि भारतातून शिकायला निघालेल्या मुलाला, जो अशा संघटनेत जायचं का म्हणून घाबरलेला असतो, त्याच्या आईवडिलांशी मराठीत बोलून खरं काय ते सांगू शकतो. हे काम दुसरं कुणी करू शकत नाही.

शेवटचा मुद्दा बायलॉजचा, आणि चॅप्टर एकदा बंद पडलेला आहे म्हणून तुमच्यासाठी तर हा फार महत्त्वाचा. उद्या परत चॅप्टर सस्पेंड झाला तर घराचं काय, हे आताच लिहून ठेवा. रिकामं घर बाहेरच्या विद्यार्थ्यांना भाड्याने देऊन हप्ते भरू असं सगळ्यांना सुचतं, पण सी-सेव्हन संस्थेला मेंबरांबाहेरून येणारं उत्पन्न, गुंतवणुकीचं धरून, एकूण जमेच्या ३५ टक्क्यांपर्यंतच चालतं, आणि त्यातही बाहेरच्या लोकांनी जागा वापरून दिलेले पैसे १५ टक्क्यांच्या आत हवेत, त्यावर कर लागतो तो वेगळाच. आख्खं घर वर्षभर बाहेरच्यांना दिलं की ही मर्यादा सहज मोडते. म्हणून मालकी वेगळ्या संस्थेत ठेवायची का, एक वर्षाचा हप्ता बाजूला ठेवायचा का, आणि विकायची वेळ आली तर पैसे कुणाच्या निर्णयाने कुठे जाणार, हे तीन प्रश्न वकिलाकडे घेऊन जा, आणि बोर्डावर दर वर्षी एक तरी पस्तिशीच्या आतला माणूस निवडून येईल अशी अट घाला, बोर्डावरची टर्म तीन वर्षांची आणि सलग दोनच. मेंबरांच्या सह्या होईपर्यंत जमिनीचं टोकन देऊ नका.